आर्थर मर्फी वाचायचा तर कोणती प्रत घ्यावी?

रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, कृत्तिका ते पाहते आणि नेमकी अश्विनशेठची तसबीर तिच्या हाती लागते. 'संशयकल्लोळ'चा हा सांगाडा गोविंद बल्लाळ देवलांनी अठराव्या शतकातला इंग्रजी नाटककार आर्थर मर्फी याच्या 'ऑल इन द राँग' (१७६१) वरून घेतला. मर्फीने तो फ्रेंच नाटककार मोलियरच्या 'स्गनारेल' (१६६०) या प्रहसनावरून घेऊन पाच अंकांपर्यंत वाढवला होता. देवलांचा गद्य 'फाल्गुनराव' १८९३ चा, संगीत नाटक १९१६ चं. आपल्याकडे मर्फीची ओळख बहुधा इथेच थांबते, आणि याचं वाईट वाटतं.

मर्फी मूळचा आयर्लंडमधल्या रॉसकॉमनचा, जन्म १७२७. १७५४ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात ऑथेल्लो म्हणून उभा राहिला, पण लवकरच अभिनय सोडून लेखन आणि वकिलीकडे वळला. सुरुवात 'ऑल इन द राँग'नेच करा. कथानक ओळखीचं असल्याने जुनी इंग्रजी अडत नाही. सर जॉन रेस्टलेस म्हणजे आपला फाल्गुनराव, एवढं धरून चालायचं.

पुढचं नाटक 'द वे टु कीप हिम'. इथे खरी फसगत होते. १७६० साली ते तीन अंकी होतं. १७६१ मध्ये मर्फीने पाच अंकी केलं आणि सर बॅशफुल कॉन्स्टंट हे पात्र नव्याने घातलं. बायकोवर प्रेम आहे, पण ते उघड व्हायची लाज वाटते असा हा नवरा. तो आपल्या प्रतीत नसेल तर जुनी संहिता हाती आली आहे असं समजा आणि दुसरी शोधा. त्याच्याशिवाय हे नाटक निम्मं वाटतं.

'व्हॉट वी मस्ट ऑल कम टु' १७६४ मध्ये पडलं. तेच १७७६ मध्ये 'थ्री वीक्स आफ्टर मॅरेज' या नावाने चाललं. यादीत ही दोन नाटकं धरू नका.

एकत्रित वाचायचं तर १७८६ चा सात खंडांचा संच घ्यावा. डब्लिनच्या छपाईपासून जरा जपून. लंडनचा कॉपीराइट कायदा तेव्हा तिथे लागू नव्हता, त्यामुळे लेखकाला न विचारता पुनर्मुद्रणं निघत. प्रकाशक जॉन बेलच्या नाट्यमालेतल्या प्रतीत अवतरणचिन्हांत दिसणाऱ्या ओळी प्रयोगात गाळल्या जात. त्या वगळू नका.

स्कॅन प्रत असेल तर पानाच्या तळाशी उजवीकडे छापलेला एकटा शब्द पाहा. पुढचं पान त्याच शब्दाने सुरू झालं नाही, तर मधलं पान गायब असण्याची दाट शक्यता. शब्दशोधही नीट चालत नाही: त्या काळचा लांब 'एस' संगणक 'एफ' म्हणून वाचतो, म्हणून 'रेस्टलेस' सापडलं नाही तर 'रेफ्टलेफ्स' (Reftlefs) टाकून पाहा.

नाटकांनंतर इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनवरचा १७९२ चा निबंध घ्या. दोघांची वर्षानुवर्षांची मैत्री होती, आणि ती त्यात उतरली आहे. त्या काळचा नामवंत नट डेव्हिड गॅरिक याचं मर्फीने लिहिलेलं दोन खंडी चरित्र (१८०१) मात्र सगळ्यात शेवटी.