टँकरचं पाणी आणि कानशिलावरचे पांढरे : नोंद अकरावी

उजवं कानशील रंगलं. गेले चार महिने हे वाक्य लिहायची वाट बघत होते, म्हणून आधी तेच लिहून टाकते. गच्चीतल्या उन्हात बघितलं, ट्यूबलाइटखाली बघितलं, लेकीला अगदी जवळून बघायला लावलं. तिथले पांढरे केस मुळापर्यंत गडद कॉफी. आज नववा दिवस, तीनदा न्हाऊन झालं, तरी उतरलेला नाही. डावं कानशील मात्र मी मुद्दाम तसंच ठेवलंय, तांबूस आणि मधेमधे शेवाळी. त्याचं कारण पुढे येईल.

माझी पद्धत नेहमीचीच आहे, दोन टप्प्यांची. राजस्थानातल्या सोजतची कापडछान मेंदी, थोडा लिंबाचा रस घालून रात्रभर भिजवलेली, तीन तास. धुऊन मग इंडिगो, म्हणजे निळीच्या पाल्याची पूड, दीड तास. डिसेंबरपर्यंत सगळं डोकं एकसारखं येत होतं. फेब्रुवारीच्या टचअपपासून दोन्ही कानशिलं इंडिगो धरेनाशी झाली. पहिले दोन दिवस छान दिसायचं, तिसऱ्या न्हाण्याला निळं निथळून जायचं आणि खालचा नारिंगी उघडा पडायचा. मार्चमध्ये तर काही केसांवर मेंदीच नीट चढली नव्हती. तिथे इंडिगोने सरळ हिरवट रंग दिला. टाळू, भांग, मान, सगळं व्यवस्थित. अडचण फक्त कानाच्या पुढच्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीत.

कानशिलावरचे पांढरे जाड आणि ताठ असतात, रंग उशिरा घेतात, हे आपण सगळ्याच जाणतो. पण हेच केस डिसेंबरात नीट रंगले होते, त्यामुळे ते उत्तर मला पुरेना.

पहिला संशय तेलावर. आदल्या दिवशी दोनदा शाम्पू केला, कंडिशनर नाही, काही नाही. फरक शून्य. मग मेंदीची वेळ वाढवून पाच तास. नारिंगी थोडा खोल आला, इंडिगो तसाच उतरला. मग इंडिगोत मीठ घालून आणि न घालता. तेही नाही.

मग इंडिगोवरच संशय आला आणि त्यात सबंध एप्रिल गेला. माझी परीक्षा साधी आहे. पांढऱ्या बशीत चमचाभर पूड कोमट पाण्यात कालवायची आणि हात न लावता ठेवायची. चांगला माल असेल तर १० ते १५ मिनिटांत हिरव्या लगद्यावर निळसर काळी साय धरते आणि वास सोललेल्या मटारासारखा येतो. पाल्यातलं इंडिकन नावाचं द्रव्य पाण्यात फुटतं, त्यातून इंडॉक्सिल हे दुसरं द्रव्य सुटतं आणि हवा लागली की त्याची नीळ होते. ती साय म्हणजे हाच प्रकार आपल्या डोळ्यांदेखत चाललेला. म्हणून तर इंडिगो मेंदीसारखा रात्रभर भिजवून चालत नाही. नीळ बशीतच होऊन बसली तर केसात शिरायला काही उरत नाही. माझ्याकडचं जुनं पाकीट या परीक्षेत नापास झालं. खाकी रंग, साय नाही, वास जुन्या गवताचा. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना पाला कोणत्या वर्षाचा आहे हे दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. तिथून घेणं मी बंद केलं. इंडिगोच्या पाकिटावर तोडणीचं साल नसेल तर घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. किलोचं स्वस्त पाकीट तर अजिबात नको. १०० ग्रॅमची दोन घ्यावीत, उघडलेलं घट्ट डब्यात ठेवावं. नवीन माल तमिळनाडूतल्या तिंडिवनमकडचा मागवला. साय अशी सुरेख आली की मी बशीचा फोटो काढून ठेवला. आणि त्या मालानेही कानशिलं रंगली नाहीत.

उलगडा झाला तो तूरडाळीमुळे.

मे महिन्यात एका सकाळी आई कुकर उघडून म्हणाली, "टँकर आला वाटतं काल. डाळ बघ, कच्चीच राहिलीये नुसती." आमच्याकडे हे दर उन्हाळ्याचं आहे. पावसाळ्यानंतर साधारण जानेवारीपर्यंत नळाचं पाणी पुरतं, नंतर टँकर सुरू होतात आणि त्यांचं बोअरचं पाणी त्याच नळाला येतं. त्यात डाळ शिजत नाही म्हणून आम्ही वरणाला आरओचं पाणी घेतो. त्या दिवशी चुकून नळाचं घेतलं गेलं. मी तिथेच थांबले. डाळ शिजत नाही कारण पाण्यात कॅल्शियम आहे, ते डाळीच्या पेशीभिंतींना धरून बसतं. मग तेच कॅल्शियम माझ्या केसांना धरून बसत नसेल कशावरून? आणि टँकर सुरू होतात फेब्रुवारीत!

लगेच दोन बाटल्या घेतल्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत नळाचं, दोन्हींत धुण्याच्या साबणाचा कीस, आणि हलवल्या. आरओच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस. नळाच्या बाटलीत फेस नाहीच, पांढरं चोथापाणी झालं. टीडीएस मीटरवर, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणाऱ्या मीटरवर, नळाचं पाणी ८७० दाखवत होतं, आरओचं ४५. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा धरली आहे. टीडीएस म्हणजे कठीणपणा (साबणाचा फेस मारणारं कॅल्शियम वगैरे) नव्हे, त्यात साधं मीठही मोजलं जातं, म्हणून मी साबणाच्या बाटलीवर जास्त विश्वास ठेवते.

आता प्रश्न असा, की घोटाळा भिजवायच्या पाण्यात आहे की केसांवर बसलेल्या थरात? मला खात्री होती की भिजवायच्या पाण्यात. आईचे केस पूर्ण पांढरे आहेत, कधी रंगवलेले नाहीत आणि याच पाण्याने धुतले जातात. तिच्या फणीतले आठवडाभर जमवले, वीस-वीस केसांचे चार झुपके दोऱ्याने बांधले. दोन झुपके तसेच ठेवले. दोन सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात तीन मिनिटं बुडवून, आरओच्या पाण्याने धुऊन, शाम्पू करून घेतले. मग प्रत्येक जोडीतल्या एकाला टँकरच्या पाण्यात कालवलेली मेंदी आणि इंडिगो, दुसऱ्याला आरओच्या. वेळ सगळ्यांना सारखी, नंतर दोन दिवस हात लावला नाही, मग तीनदा शाम्पू.

न धुतलेल्यांत टँकरवाला झुपका माझ्या कानशिलासारखाच आला, तोच तांबूस आणि तोच हिरवा. आरओवाला किंचित बरा, पण पासचे मार्क देता येणार नाहीत. ॲसिडने धुतलेले दोन्ही गडद. आरओवाला जरा जास्त थंड, म्हणजे कमी तांबूस छटेचा, पण टँकरवालाही डोक्यावर खुशाल चालेल असा. म्हणजे माझा अंदाज उलटा निघाला. भिजवायच्या पाण्याने थोडाच फरक पडतो. मेंदीत लिंबू असतंच, तेच तिथे सांभाळून घेत असावं. खरा अडथळा केसावर बसलेला क्षारांचा थर. पुन्हा चार झुपके केले, क्रम तोच आला. ते आठही झुपके वहीत चिकटवून ठेवलेत आणि आईला त्यांचं माझ्याइतकंच कौतुक आहे. येणाऱ्या प्रत्येकीला दाखवते.

पण मग फक्त कानशिलंच का, डोकं तर सगळंच त्या पाण्याने धुतलं जातं? यावर मी दोन दिवस विचार केला आणि उत्तर बेसिनपाशी मिळालं. तोंड धुताना कपाळावरचे केस मी हेअरबँडने मागे घेते, पण कानापुढचे सुटे राहतात आणि भिजतात. दिवसातून तीन वेळा भिजतात आणि तिथेच वाळतात. बाकी डोकं आठवड्यातून दोनदा भिजतं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात, बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते तसे. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

म्हणून यावेळी अर्धं-अर्धं केलं. उजव्या कानशिलाला आदल्या संध्याकाळी सायट्रिक ॲसिड, लिटरभर आरओच्या पाण्यात सपाट पाव चमचा, कापसाने, तीन मिनिटं. मग धुणं आणि शाम्पू. डाव्याला काहीच नाही. बाकी मेंदी तीच, इंडिगो तोच, दिवस तोच. निकाल वर लिहिलाच आहे. डावं तसंच ठेवण्याचं कारण एवढंच, की काही दिवस दोन्ही बाजू शेजारी-शेजारी बघायच्या होत्या. कानशिलावर लगदा लावताना केसांवर टिश्यूची ओली घडी दाबून ठेवली. ताठ केस लगद्यातून वर उठतात आणि तिथेच वाळतात, ते या घडीने थांबलं. ही युक्ती तुम्ही सगळ्यांनी करून बघा.

ॲसिड मेंदीच्या आधीच लावायचं. मेंदी आणि इंडिगोच्या मधे नुसतं पाणी, तिथे आंबट काही नको आणि कंडिशनर तर मुळीच नको. टाळूवर जखम किंवा ओरखडा असेल तर तो दिवस सोडावा, डोळे सांभाळावेत.

या सगळ्यात मी शॉवरला लावायचा एक फिल्टरही आणला होता. साबणाची बाटली फिल्टरच्या पाण्याने भरून बघितली, चोथापाणी तसंच. आत कार्बन असतो, त्याने क्लोरीन आणि वास कमी होतो. कठीणपणा घालवायला मिठाने पुन्हा ताजं करता येणारं रेझिन लागतं, ते त्या हातभर नळकांड्यात नव्हतं. परत केला. त्याऐवजी न्हाऊन झाल्यावर शेवटचे दोन तांबे आरओचे घेते. आरओ एक लिटर पाण्यामागे बरंच पाणी टाकून देतो, ते मी बादलीत धरून लादीला वापरते.

माझा बेत असा होता, की दर टचअपच्या आधी सगळं डोकं ॲसिडने धुवायचं. पण हे लिहितानाच वाटलं, कशाला? अडचण दोन बोटांच्या पट्टीची आहे, टोकं आधीच कोरडी आहेत, त्यांना हा त्रास का द्यायचा? त्यापेक्षा फक्त कानशिलं, कापसाने. आणि त्याहून सोपं म्हणजे तोंड धुताना हेअरबँड रुंद घ्यायचा, कानशिलं झाकणारा. लेकीचा टेरीचा आहे, आजपासून तोच. महिन्यात केस सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे पुढच्या टचअपला मुळाजवळचा नवा केस जवळजवळ स्वच्छ असायला हवा. तेव्हा उजव्याला नुसता हेअरबँड, ॲसिड नाही, आणि डाव्याला दोन्ही. म्हणजे हेअरबँड एकटा पुरतो का तेही कळेल.

चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न २१ दिवसांवर आहे, त्यामुळे घरातून दुसऱ्या वाटाही सुचवल्या जाताहेत. एकीने दहा मिनिटांत काळी होणारी मेंदी आणून दिली. एवढ्या लवकर काळं करणाऱ्या पुडीत बहुतेक पीपीडी हे ॲलर्जी उठवू शकणारं रसायन असतं, घटक वाचले तर होतंही. मला ते नको आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी निदान कानामागे लावून ४८ तास थांबावं, कितीही वर्षं लावत असाल तरी.

केशरचनेचं एकच सांगायचंय, पण त्याचा आनंद मोठा आहे. ओढणीवर गुंडाळून रात्रभर ठेवायचे कर्ल माझ्या केसांत कधी दुपारपर्यंत टिकले नाहीत. परवा उजव्या बाजूचे संध्याकाळी सातपर्यंत टिकले, डाव्या बाजूचे दोन वाजताच सैल. केस आरओच्या पाण्याने शेवटचे धुतले होते ते दोन्हीकडे, मग फरक कशाचा? ॲसिडची पट्टी कानशिलापुरतीच होती, पण पाणी खाली त्या बाजूच्या लांबीवरून ओघळलं होतं. म्हणजे टोकांना त्रास नको म्हणून मी आत्ताच जे रद्द केलं, ते कदाचित कर्लसाठी हवंच आहे. आता लांबीचे झुपके करायला हवेत. आईची फणी आजपासून पुन्हा वर्तमानपत्रावर झटकायला सांगितली आहे, आणि डाव्या कानशिलाची मेंदी आज रात्री भिजवते.