पडायची सोय

रविवार, रात्री उशिरा

शेडमध्ये पुढचं यंत्र कोणतं बनवायचं, हा वाद आजही मिटला नाही. मिटावा असं कुणाला मनापासून वाटतंय, असंही नाही. भोसरीच्या शेडचं शटर अर्धं खाली ओढलं, चहा आला, की आमचे तीन तट पडतात. फॅब्रिकेशनवाल्या दादाला आत माणूस बसेल असं तीन मीटर उंचीचं, दोन पायांवर चालणारं धूड उभं करायचंय. धाकटा, म्हणजे आमचा नुकता पास झालेला इंजिनिअर, चार पायांच्या छोट्या रोबोटवर अडून बसलाय. आणि फिजिओताई म्हणतात, हे सगळे पोरखेळ बाजूला ठेवा, माणसाच्या अंगावर चढवायचा सांगाडा करा, निदान कुणाच्या गुडघ्याला तरी उपयोग होईल. मी कुठल्या तटात, ते चहा कोण पाजतंय त्यावर ठरतं.

दादाचं म्हणणं सरळ असतं: छोटा चालतो ना? मग तोच मोठा करू. धाकट्याने आज खडूने पत्र्यावरच हिशेब मांडला. सगळी मापं दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण पायाच्या नळीचा छेद चौपटच वाढतो. शिवाय पायही दुप्पट लांब, म्हणून सांध्यावर लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, सोळापट. गॅलिलिओने हे १६३८ साली छापून ठेवलंय, सोबत राक्षसाच्या हाडाचं चित्रही काढलंय: लांबीला तिप्पट आणि जाडीला बेढब. दादाने पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मग जाड पाईप वापरू.” पाईप जाड केला की वजन आणखी वाढतं, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं. पण हार मानणं त्याच्या स्वभावात नाही.

धाकट्याच्या रोबोटात बारा एमजी९९६आर सर्व्हो, म्हणजे सांधे हलवणाऱ्या छोट्या मोटरी आहेत, पायाला तीन. सहा व्होल्टवर एकेकाचा जोर अकरा किलो-सेंटीमीटर, तोही जागच्या जागी अडकून तापायच्या बेतात असताना. म्हणजे दहा सेंटीमीटरच्या पायाच्या टोकाला जेमतेम किलोभर, आणि रोजच्या चालीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावरच भिस्त ठेवायची. अडकला की एकेक सर्व्हो अडीच अँपिअर ओढतो. बारा एकदम अडले तर तीस. आज टेबलावर तेच पाहायला मिळालं. उभा राहता राहता मागचे दोन्ही पाय थरथरले, घुर्रर्र आवाज वाढत गेला, लाल एलईडी मंद झाला, बोर्ड रिसेट झाला आणि गडी पोटावर बसला. टप्प असा आवाज. धाकट्याने त्याला उचललं, एका पायाचा स्क्रू आवळला, जाडी वायर लावली, पुन्हा उभं केलं. दादा हसला. मला मात्र तेव्हापासून तो टप्प आवाजच आठवतोय. तीन मीटरचं धूड असं बसलं, तर आतल्या माणसाचं काय?

मग इतरांनी याचं काय केलं ते आठवत बसलो. जपानचं कुरातास, आत माणूस बसवून चालवायचं यंत्र, २०१२चं, चार मीटर उंच, त्याला पाय आहेत पण पायांना चाकं. अमेरिकेच्या मेगाबॉट्स कंपनीवाल्यांनी २०१५ साली त्याला जाहीर आव्हान दिलं आणि २०१७ साली एकदाची झुंज झाली. पहिल्याच फेरीत कुरातासच्या एका ठोशात अमेरिकेचं आयर्न ग्लोरी उताणं पडलं आणि तिथेच त्याची कुस्ती संपली. पुढची फेरी खेळायला त्यांनी दुसरं यंत्र आणलं, ईगल प्राइम: बारा टन, ४३० अश्वशक्ती, आणि खाली पाय नाहीतच, रणगाड्यासारखे पट्टे. योकोहामात २०२० पासून २०२४ पर्यंत अठरा मीटरचा, पंचवीस टनांचा गुंडाम, म्हणजे जपानी कार्टूनमधला राक्षसी रोबोट, उभा होता. तो पाय उचलायचा, गुडघा वाकवायचा, खाली बसायचा, लोक बघत राहायचे. पण कंबरेला मागून भलामोठा आधार जोडलेला, वजन त्यावर. मला यात फसवणूक वाटत नाही. शहाणपण वाटतं. ज्यांनी खरोखर पैसे घातले त्यांनी दोन पायांवर उभं राहायची जोखीम घेतली नाही.

दादाला हे सांगितलं तर म्हणाला, “मग आपणही चाकं लावू.” धाकटा फटकन म्हणाला, “दादा, चाकं लावून जेसीबीच होणार. तो भाड्याने मिळतो.” त्यावर पाच मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही.

अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या राल्फ मोशर या इंजिनिअरने साठच्या दशकात दोन्ही गोष्टी करून पाहिल्या होत्या. वॉकिंग ट्रक म्हणजे चार पायांचं, हायड्रॉलिकवर चालणारं यंत्र. चालवणाऱ्याच्या हातांवर पुढचे पाय, त्याच्या पायांवर मागचे, आणि जमिनीचा जोर उलटा त्याच्या हातापायांत जाणवायचा. चिखलात रुतलेली जीप ढकलण्याइतकी ताकद होती. पण चार पायांचा विचार एका माणसाने सतत करायचा, त्यात चालवणारा थोड्याच वेळात दमून जाई. दुसरं हार्डिमन, अंगावर चढवायचा सांगाडा. ६८० किलो उचलेल असं ठरवलेलं, आणि स्वतःचं वजनही जवळपास तेवढंच. एक हात चालला, ३४० किलोपर्यंत. सगळं अंग एकदम चालू केलं की ते बेभान झटके द्यायचं, म्हणून आत माणूस असताना पूर्ण यंत्र कधी सुरूच केलं नाही. फिजिओताईंनी हे ऐकून चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, “माझ्या पेशंटला झटका नको असतो हो. त्याला खुर्चीतून उठून बाथरूमपर्यंत जायचं असतं.”

त्यांचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो, पण तिथेही पडण्याचा प्रश्न सुटलेला नाही, दुसऱ्याच्या हातात दिलाय. अमेरिकेत घरी वापरायला २०१४ साली परवानगी मिळालेला रीवॉक हा सांगाडा कंबरेखाली लुळ्या झालेल्या माणसाला उभा करतो, चालवतो. तोल मात्र त्या माणसाने स्वतः दोन कुबड्यांवर सांभाळायचा. कारखान्यांत टिकलेले सांगाडे तर आणखी साधे. फोर्डने २०१८ साली आपल्या कारखान्यांत वर हात करून काम करणाऱ्यांना स्प्रिंगची जाकिटं दिली, हाताला दोन ते सात किलोंचा आधार. मोटर नाही, बॅटरी नाही, पाय तर नाहीतच. दादा म्हणाला याला काय सांगाडा म्हणायचं. ताई म्हणाल्या, खांदा दुखला की कळेल.

राहिला धाकटा. तो २०१९च्या रोबोकॉनच्या, म्हणजे कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेच्या, टीममध्ये होता. त्या वर्षी यजमान मंगोलिया, आणि नियमच असा की टीमच्या दोन रोबोटांपैकी दुसरा चार पायांवर चालत वाळूच्या टेकडीवरून आणि दोऱ्यांवरून जाणार, चाकं चालणार नाहीत. देशभरातल्या कॉलेजांतली पोरं सहा-आठ महिने पाय या एकाच गोष्टीशी झटत होती. तो सांगत होता, टेकडीच्या कडेला पाय लागला की यंत्र हमखास कलंडायचं, आणि ते कलंडलं की सगळे धावत जाऊन उचलायचे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या नऊ किलोंच्या मिनी चीता या चार पायांच्या रोबोटने उलटी कोलांटी मारली, आणि झुरिकच्या ईटीएच विद्यापीठवाल्यांनी आपल्या ॲनिमल या चार पायांच्या रोबोटला आधी संगणकातल्या खोट्या जमिनीवर चालायला शिकवलं, पडल्यावर उठायलाही. खोट्या जमिनीवर लाखो वेळा पडलं तरी स्क्रूसुद्धा हलत नाही. पाय ज्यांना जमलेत ते हेच, ज्यांना पडणं परवडतं. मोठ्या धुडाला एकदाही परवडत नाही, मग ते शिकणार कधी?

हे मी दादाला तसंच्या तसं म्हटलं. तो बराच वेळ चहाच्या कपातला तळ बघत राहिला. मग विचारलं, “आणि वरून क्रेनने टांगून ठेवलं तर?” गुंडामचीच कल्पना, फक्त आधार मागून नाही, वरून. शेडमध्ये दोन टनांची क्रेन आहेच. धाकट्याने लगेच पत्र्यावर नवा आकडा मांडला: धूड दीड टनाच्या आत बसवायचं, माणसासकट. ताई म्हणाल्या, माणूस नको, वाळूची पोती ठेवा. दादाला ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण तळेगावहून पाईपचा भाव मागवायचं त्याने कबूल केलंय. टांगायचा पट्टा मात्र चांगल्या प्रतीचा घ्यायचा, यावर तिघांचंही एकमत झालं.