चौथ्या होलवरचा बाक

सोलापुरात "गोल्फ कोर्सवर नोकरीला होतो" म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे हॉकीच ना ओ?" आता मी नुसती मान डोलवतो. पुण्यात अकरा वर्षं एका कोर्सवर होतो, आधी स्टार्टर, मग मार्शल. स्टार्टर म्हणजे पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, उभं राहून चौघाचौघांना वेळेवर सोडणारा. मार्शल म्हणजे त्यांना पुढे हाकणारा आणि त्याबद्दल शिव्या खाणारा.

दर रविवारी तीच कथा. साडेआठ वाजले की चौथ्या होलवर (होल म्हणजे टीपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा) तीन फोरबॉल, म्हणजे चौघाचौघांचे गट, तुंबलेले. कुणी काठ्यांची बॅग उचलणाऱ्या कॅडीशी गप्पा मारतोय, कुणी घरी फोन करून नाश्त्याला उशीर होईल म्हणून सांगतोय, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मॅनेजरसाहेबांचं एकच पालुपद, "पुढच्यांना हाका." मी हाकायचो. साहेब, बॉल शोधायला ३ मिनिटंच, २०१९ पासून नियम बदललाय, आधी ५ होती. फटका शक्यतो ४० सेकंदांत. ज्याची तयारी झाली त्यानं मारावं, 'लांबचा आधी' करत बसू नये. या सगळ्यानं थोडा फरक पडायचाही. एक रिटायर्ड कर्नलसाहेब मात्र दर फटक्याआधी पाचदा हवेत काठी फिरवायचे. त्यांना सांगणार कोण? पण कर्नलसाहेब नसलेल्या रविवारीही चौथ्यावर तीन फोरबॉल असायचेच.

एका जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी आलो होतो. आमचं घर पूर्व भागात, खाली चादरीचे चार माग. त्या दिवशी दोन बंद. धोट्यातलं सूत संपलं की सूत भरलेली नवी कांडी घालावी लागते, आणि कांड्याच नव्हत्या. कांड्या भरणारी बाई यात्रेला गेलेली, आई एकटीच मशीनवर बसलेली. चष्मा नाकावर घसरलेला, मांडीत सुताचे तुकडे. विणकर भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. मी त्यांना काहीतरी टोचून बोललो. वडील म्हणाले, "त्यांना काय बोलतोस? कांड्या जेवढ्या निघतील तेवढेच माग चालणार."

पुण्याला परतल्यावर पहिल्याच रविवारी घड्याळ घेऊन चौथ्यावर झाडाखाली बसलो. हा पार-थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा होल. टीवरून एका फटक्यात ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक गवताची जागा, गाठायचं, त्यामुळे पुढचे चौघे पट (बॉल खड्ड्यात घालायचे हलके फटके) संपवून ग्रीनवरून हलल्याशिवाय मागच्यांना मारताच येत नाही. पार-फोरवर पुढचे दुसरा फटका मारून सरकले की मागचे सुरू करतात, इथं ती सोय नाही. एक फोरबॉल मोकळा व्हायला लागत होती १० मिनिटं. आणि पहिल्या टीवरून आम्ही सोडत होतो दर ८ मिनिटांनी! म्हणजे प्रत्येक फोरबॉलमागे २ मिनिटं साचणार. दहाव्या फोरबॉलनं १८ मिनिटं ताटकळायचंच, मग तो कितीही झपाझप खेळो. आणि इतकी वर्षं ८ मिनिटांचं घड्याळ हातात धरून त्यांना सोडत कोण होतं? मीच.

मॅनेजरसाहेबांना कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, "दोन तासांत १५ ऐवजी १२च सुटतील. तीन फोरबॉलचे पैसे तुम्ही भरणार?"

मग आधी बिनपैशाचा उपाय केला. ग्रीनवर पोचलेल्यांनी नाणं ठेवून बॉलच्या जागेची खूण करायची, बाजूला होऊन मागच्यांना हात करायचा. त्यांचे फटके झाले की ते चालत येईपर्यंत आपले पट उरकायचे. कॅडींनी हे दोन रविवारांत उचललं. मेंबरांना महिना लागला, कारण मागच्याला हात करणं म्हणजे आपण हळू आहोत हे कबूल करणं, असं निम्म्यांना वाटायचं. शेवटी बऱ्याच मिनतवारीनंतर रविवारपुरतं १० मिनिटांचं अंतरही मिळालं. चौथ्यावर कधी एखादा फोरबॉल थांबलेला दिसायचा, कधी कुणीच नाही. कर्नलसाहेब अजूनही पाचदाच काठी फिरवत होते, फक्त आता कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

पुढच्या वर्षी मॅनेजर बदलले. अंतर परत ८ मिनिटांवर आलं, आणि चौथ्या होलवर बसायला एक नवा लांब बाक आला.