ती कॅसेट बघितलेला माणूस कुणालाच सापडला नाही

परवा रात्री स्नफ फिल्मवरची एक परदेशी डॉक्युमेंटरी बघितली, झोप काय आली नाही, पण ती जे दाखवायला बसली होती त्यामुळं नाही. स्नफ म्हणजे कॅमेऱ्यासमोर खराखुरा खून करायचा, तोही शूट करून विकण्यासाठीच, आणि श्रीमंत लोक ती फिल्म लाखो रुपये मोजून गुपचूप बघतात म्हणे. या "म्हणे"वरच सगळा कारभार.

आपल्या सोलापुरातपण ही अफवा होती की. व्हीसीआर भाड्यानं आणून गल्लीत रात्रभर पिक्चर बघायचे त्या काळात प्रत्येक पेठेत एकतरी पोरगं असायचंच, "खरंच मारलंय बे त्यात, ॲक्टिंग नाही". तू बघितलास का विचारलं की "मी नाही, मामाचा दोस्त बघितलाय". मामाचा दोस्त कायम पुण्याला नाहीतर मुंबईला. डॉक्युमेंटरीत गोरे लोक कोट घालून अगदी हेच सांगत होते, फक्त मामाच्या जागी प्रोड्यूसर.

या अफवेला मूर्त रूप दिलं एका डब्यातल्या पिक्चरनं. मायकेल आणि रोबर्टा फिंडले या नवराबायकोनं १९७१ च्या आसपास अर्जेंटिनात अमेरिकेतल्या खुनी मॅन्सन टोळीवरून सुचलेला 'स्लॉटर' नावाचा एक टुकार पिक्चर काढलेला, तो पडूनच राहिला. पुढं ॲलन शॅकल्टन नावाच्या डिस्ट्रिब्युटरनं तो उचलला, शेवटी एक नवीन सीन चिकटवला, म्हणजे शूटिंग संपल्यावर युनिटवालेच एका बाईला मारतात असा, नट-नट्यांची नावंबिवं उडवून टाकली, नाव ठेवलं 'स्नफ' आणि १९७६ ला न्यूयॉर्कात लावला. थेटरबाहेर निदर्शनं करायला यानंच भाड्याची माणसं उभी केली असं सांगतात, मग खऱ्या स्त्री संघटनापण आल्या आणि शोला ही गर्दी. मॅनहॅटनचे सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेनथाऊ यांना चौकशी करावी लागली, तर जिचा खून झाला ती बाई जिवंत, ठणठणीत. ज्या पिक्चरमुळं जगाला हे खरं वाटायला लागलं तो पिक्चरच अख्खा मार्केटिंगचा, आता बोला.

नंतरच्या केसेस तर अजून भारी. 'कॅनिबल होलोकॉस्ट' १९८० चा, इटलीत डायरेक्टर रुजेरो देओदातोवर खुनाचा संशय, बिचाऱ्याला आपले नट जिवंत आहेत हे दाखवून द्यावं लागलं. (माणसं खोटी मेली पण त्यात कासव आणि बाकीची जनावरं खरंच मारलीत, त्याचा मला जास्त राग आला.) १९९१ ला चार्ली शीननं 'गिनी पिग' मालिकेतला जपानी पिक्चर बघितला आणि घाबरून थेट एफबीआयला कळवलं, शेवटी तो सगळा मेकअप निघाला. आणि आमच्याकडं ज्या कॅसेटची सगळ्यात जास्त हवा होती ती 'फेसेस ऑफ डेथ', १९७८ ची, त्यात काही न्यूजरीलचं खरं फुटेज असलं तरी बरेचसे सीन रचलेले. विकण्यासाठी खून करून काढलेली एकपण फिल्म एफबीआयच्या हाती लागलेली नाही.

इथपर्यंत डॉक्युमेंटरी चांगली आहे. पुढं उगं भीतीदायक म्युझिक, अंधारा कॉरिडॉर, तेच तेच, पळवत बघा. माझं डोकं तोपर्यंत राईनपाड्याला जाऊन पोचलेलं.

१ जुलै २०१८, धुळे जिल्हा. पोरं चोरणारी टोळी समजून गावकऱ्यांनी पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, त्यातले बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. तेव्हा देशभर व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरून पोरगं उचलून नेतात तो, आणि तो मूळचा कराचीतला जनजागृतीचा व्हिडिओ, त्याचा शेवट, जिथं पोरगं परत आणून सोडतात, तोच कुणीतरी कापलेला. शॅकल्टननं शेवट जोडला, इथं शेवट तोडला.

आणि राईनपाड्यात लोक मारत होते तेव्हा मोबाईल चालूच होते. ते व्हिडिओ आपल्या ग्रुपवरपण आलेले, कुणाला मामाचा दोस्त शोधावा लागला नाही, फुकटात आले, कैक जणांनी पुढं ढकललेपण. व्याख्येप्रमाणं याला स्नफ म्हणत नाहीत कारण विकायला नव्हतं काढलं. डॉक्युमेंटरीतले तज्ज्ञ लोक या व्याख्येवर तासभर बोलतात आणि त्यांचं बरोबरच आहे, पण ते ऐकताना मला सारखं वाटत होतं की यांना एकदा मंगळवेढ्याला आणायला पाहिजे.

यावर आपल्याकडच्या कुणीतरी नीट डॉक्युमेंटरी करावी, म्युझिक न लावता. तो कराचीचा व्हिडिओ पूर्ण दाखवा आधी, शेवटासकट.