बंद करायचाच तर दुपारी करा

नवीन इंटरनेट जोडणीचं काम उरकत आलं, वायर क्लिपांनी भिंतीला ठोकून झाली, घरातल्या सगळ्या मोबाईलना पासवर्ड टाकून दिला, की चहाच्या कपासोबत एक प्रश्न हमखास येतो. “दादा, रात्री झोपताना हे राउटर बंद केलं तर चालतंय ना?” जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये येतो, पूर्व भागातल्या मागाच्या खोलीतही येतो. परवा तुम्हीही विचारलंत आणि मी घाईत “चालतंय की” म्हणून निघालो. नीट उत्तर हे घ्या.

चालतं. त्यानं राउटर सहसा बिघडत नाही. पण ज्या कारणांसाठी तुम्ही बटण दाबता, त्यांत फारसा दम नाही.

आधी वीजबिल. अडॅप्टरवर बहुतेक वेळा १२ व्होल्ट, १ अँपिअर छापलेलं असतं. म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट, प्रत्यक्षात त्याहून कमीच. हिशोबाला १० धरा. चोवीस तास, महिनाभर चालला तर ७.२ युनिट होतात. रोज रात्री आठ तास बंद ठेवलात तर त्यातले २.४ युनिट वाचतात. तुमच्या स्लॅबच्या दरानं गुणून बघा, एक-दोन वडापावच्या पुढे रक्कम जात नाही. तेच डोक्यावर घरघरणारा जुना पंखा ७०-७५ वॅट खातो. तो काढून कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा बसवलात तर त्याच आठ तासांत महिन्याला दहाच्या आसपास युनिट वाचतील. काटकसर करायची तर वर बघा.

दुसरी भीती लहरींची. घरात लहान बाळ असलं की ही हटकून निघते. वायफायच्या लहरी रेडिओच्याच जातीच्या, आणि घरातल्या राउटरची ताकद फार थोडी. शिवाय अंतर दुप्पट झालं की जोर साधारण चौथाईवर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये अशा लहरींना ‘२ बी’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं, ते वाचून लोक घाबरतात. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत. एवढं करून राउटर हॉलमध्ये ठेवून रात्री बंद करणारे काका स्वतः मोबाईल उशीखाली घेऊन झोपतात, त्याला काय म्हणावं?

पोरांनी रात्री मोबाईल बघू नये म्हणून बंद करणाऱ्या आयांना मी काही बोलत नाही. पोरं मोबाईल डेटावर बघतात, हे त्यांनाही ठाऊक असतं. तरी हवंच असेल तर बऱ्याच राउटरमध्ये वायफायची वेळ ठरवून देता येते. लहरी बंद होतात, डबा चालू राहतो.

डबा चालू राहण्याला अर्थ आहे. घरचा लँडलाईन आता त्याच फायबरवरून चालत असेल तर राउटर बंद म्हणजे फोनही मुका. दारातला कॅमेराही तसाच. विजापूर रोडला एक आजी एकट्या राहतात, मुलगा पुण्यात. आजी जुन्या वळणाच्या, दहा वाजले की घरातली सगळी बटणं बंद. मुलाला तिकडे कॅमेरा काळा दिसला, आईचा मोबाईल नेहमीप्रमाणे पर्समध्ये, त्यानं रात्री शेजाऱ्यांना उठवलं आणि मग मला. आता त्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे.

शिवाय कंपन्या राउटरच्या सॉफ्टवेअरचे अपडेट सहसा रात्रीच पाठवतात, कारण तेव्हा कोणी वापरत नसतं. नेमका अपडेट चालू असताना प्लग ओढला तर क्वचित डबा कायमचा बसतो. होतं क्वचितच, पण ते बटण दाबण्याचं बक्षीसही काय, २.४ युनिट.

मग राउटर मरतात कशानं? आपल्याकडे उन्हानं. बहुतेक घरगुती राउटरच्या कागदावर ० ते ४० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं, आणि पत्र्याच्या घरात, दारं-खिडक्या लावून सगळे कामावर गेलेले असताना आत काय होत असेल ते तुम्हीच बघा. त्यात आपण त्याला कुठे ठेवतो? टीव्हीच्या शोकेसमध्ये, काचेमागे, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर, वर क्रोशाचा रुमाल. मागाच्या खोलीत तर सुताची बारीक धूळ जाळीच्या फटींत अशी दाटते की खरवडली तर पापुद्रा निघतो.

ही उष्णता आधी अडॅप्टरला खाते. त्यात बोटाच्या पेराएवढे, वीज साठवून धरणारे कपॅसिटर असतात. त्यांचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. मेलेला अडॅप्टर फोडून बघितला तर कपॅसिटरची सपाट टोपी फुगून वर आलेली असते, कधी कडेनं तपकिरी ओघळ. मरायच्या आधी काही आठवडे राउटर आपोआप बंद-चालू होत राहतो, लोक कंपनीला शिव्या घालतात आणि दोष असतो त्या काळ्या ठोकळ्यात. तो बदलला की डबा पुन्हा चालतो.

म्हणून माझं म्हणणं, रात्री उलट चालू ठेवा, तेव्हा हवा जरा तरी उतरलेली असते. बंद करायचाच असेल तर मेच्या दुपारी करा, घर कुलूपबंद असेल आणि कॅमेरा नसेल तेव्हा. एरवी त्याला शोकेसमधून बाहेर काढा, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवरून हलवा, तो रुमाल दुसऱ्या कशावर तरी घाला. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा मिनिट बंद करून चालू करा, तेवढी विश्रांती पुरते.

वळवाच्या पावसाचा मात्र अपवाद. आकाश गडगडायला लागलं की बटण नव्हे, प्लगच काढा. फायबर काचेचा, त्यातून वीज येत नाही. पण खांबावरून येणाऱ्या केबलीत ताण धरायला पोलादी तार असते (आम्ही ती बाहेरच हुकला बांधून तोडतो, आत घेत नाही), आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्यापर्यंत गेलेली लॅनची वायर तर तांब्याचीच. शिवाय लाईट गेली तर परत येताना झटका देते. शेजारी एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, तरी पहिल्या वाऱ्याला आपली लाईट जायची ती जातेच. अशा वेळी लाईट आल्यावर पाच मिनिटं थांबून प्लग लावा. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घेतलात तर उत्तमच.

आणि चार दिवस गावाला निघालात तर बेलाशक बंद करून जा. फक्त परत आल्यावर “नेट गेलंय” म्हणून मला फोन करण्याआधी एकदा बटण बघा. सुट्ट्या संपल्या की निम्मे फोन त्याचेच असतात.