एक, दोन, चार, आठ, सोळा: हडप्पाची वजनं वर्गात

हडप्पा संस्कृतीच्या धड्यात एक वाक्य हमखास असतं: तिथे प्रमाणित वजनं वापरात होती. मुलं त्याखाली रेघ ओढतात, पेपरात लिहितात आणि मोकळी होतात. 'प्रमाणित' म्हणजे काय आणि त्यासाठी किती खटाटोप लागतो, हे त्या वाक्यातून कळायची सोय नाही. तिसरी-चौथीच्या मुलांच्या हातात माती आणि तराजू दिला, तर दोन जोडतासिकांत कळतं. गणिताची तासिका आणि इतिहासाची तासिका अशी वाटणी मात्र करू नये. इथे गणित हाच इतिहासाचा पुरावा आहे.

शिक्षकाला आधी माहीत हवं ते एवढं. मोहेंजोदडो, हडप्पा, लोथल, धोलावीरा अशा एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ठिकाणी दगडाचे गुळगुळीत, घनाकृती ठोकळे सापडले. बरेचसे चर्ट नावाच्या, गारगोटीच्या जातीच्या दगडाचे. लहान वजनांचा क्रम 1, 2, 4, 8, 16, 32, 64 असा दुपटीचा. एकक साधारण 0.85 ग्रॅमचं, आणि सर्वांत जास्त सापडणारं वजन 16 पटीचं, म्हणजे सुमारे 13.7 ग्रॅमचं. लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे या वजनांना ते लोक काय म्हणत हे कुणालाच माहीत नाही. मुलांना आपापल्या वजनांची नावं ठेवू द्यावीत, त्यात त्यांना भलताच उत्साह असतो.

तराजूसाठी 30 सेंटिमीटरची लाकडी पट्टी घ्यावी. प्लॅस्टिकची वाकते. टोकांची भोकं 1 आणि 29 सेंटिमीटरवर, पट्टीच्या मध्यरेषेत. टांगायचं भोक बरोबर 15वर, पण मध्यरेषेच्या चार-पाच मिलिमीटर वर. हे 'वर' महत्त्वाचं. मधलं भोक टोकांच्या भोकांपेक्षा खाली गेलं, तर दांडी स्थिर राहत नाही, एका बाजूला कलंडून तिथेच बसते. फार वर गेलं तर दांडी मठ्ठ होते, ग्रॅम-दोन ग्रॅमची दखलच घेत नाही. पारड्यांसाठी दोन सारखी झाकणं, प्रत्येकाला तीन समान लांबीचे दोरे.

रिकाम्या तराजूची एक बाजू झुकली, तर वरच्या पारड्याला मातीचा कण चिकटवायचा. हाच पासंग. 'पासंगालाही पुरणार नाही' हे मुलांनी ऐकलेलं असतं, पण वस्तू पाहिलेली नसते, तर ती इथे दाखवून टाकावी. पण पासंगाने एक दोष झाकला जातो. मधलं भोक 15ऐवजी 15.2वर पडलं, तर एक बाजू 14.2 आणि दुसरी 13.8 सेंटिमीटरची होते. रिकामा तराजू पासंग लावून सरळ होतो, मात्र 160 ग्रॅम तोलताना साडेचार ग्रॅमहून अधिक फरक पडतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: तोललेल्या दोन्ही वस्तूंची पारडी बदलायची. तरीही दांडी सरळ राहिली तर तराजू खरा. काटा मारणं म्हणजे काय, हे त्याच वेळी उमगतं.

आता वजनं. चार-चार मुलांचे गट करावेत, प्रत्येक गटाला 350 ग्रॅम प्लॅस्टिसीन, म्हणजे न वाळणारी खेळाची माती. साधी ओली माती नको. ती वाळताना वजन घटतं, आणि लहान गोळे मोठ्यांच्या आधी वाळतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळी प्रमाणं बिघडलेली दिसतात. पहिला गोळा अंगठ्याच्या पेराएवढा, साधारण 10 ग्रॅमचा. हे एकक. त्याच्याशी तोलून दुसरा तेवढाच गोळा करायचा. मग दोन्ही एका पारड्यात आणि समोर नवा गोळा: तो 2. मग तिन्ही एका बाजूला, समोर 4. प्रत्येक वेळी आतापर्यंतचे सगळे गोळे डावीकडे आणि नवा उजवीकडे. 16पर्यंत पोचलं की थांबायचं. एकूण 32 एककं, म्हणजे 320 ग्रॅम माती लागते. एकक 20 ग्रॅमचं घेणाऱ्या गटाची माती 8 झाल्यावर संपते. त्यांना आधी सांगू नये. किती कमी पडली, याचा हिशेब त्यांनीच करावा.

खरी गंमत चूक कशी वाढते यात आहे. समजा दुसरा गोळा 10ऐवजी 11 ग्रॅमचा झाला आणि पुढेही दर वेळी एक ग्रॅम जास्तच पडला. मग पुढचे गोळे 22, 44, 88 आणि 176 ग्रॅमचे होतात. शेवटचा 160चा हवा होता, तो 16 ग्रॅमने चुकला. डिजिटल काटा असेल तर तो शेवटीच काढावा, आधी नाही.

सगळे संच तयार झाले की एका गटाचा 8 दुसऱ्या गटाच्या 8शी तोलून पाहायला सांगावं. जुळत नाही, कारण प्रत्येकाचं एकक वेगळं. भांडण होतं, होऊ द्यावं. 'मग कुणाचं खरं धरायचं?' हा प्रश्न मुलांकडूनच येतो. एकच एकक ठरवून, त्याच्या नकला वाटून सगळ्यांनी पुन्हा वजनं केली की 'प्रमाणित' शब्दाला अर्थ येतो. शेकडो किलोमीटरवरच्या गावांनी हे कसं जमवलं असेल, हा पुढचा प्रश्न, आणि तो उघडाच ठेवावा.

मग 1 ते 31पर्यंतची प्रत्येक संख्या पाच वजनांनी करून दाखवायची. 13 म्हणजे 8, 4 आणि 1. वजनं 1, 2, 3, 4, 5 अशी असती तर धाव 15वरच संपली असती. आजचा 1, 2, 2, 5, 10 असा संच 20पर्यंत जातो. चटपटीत मुलांसाठी एक जास्तीचा खेळ: वजनं दोन्ही पारड्यांत ठेवायची परवानगी दिली, तर 1, 3, 9, 27 या चारच वजनांनी 40पर्यंत तोलता येतं.

काळाची दोरी यासोबत लावावी, 1 सेंटिमीटरला 10 वर्षं. इथे एक चूक ठरलेली. इ.स.पू. 2600 ते इ.स. 2000 किती वर्षं? मुलं वजाबाकी करून 600 सांगतात. दोरीवर शून्याच्या जागी गाठ मारून दोन्हीकडे मोजायला लावलं की बेरीज आपोआप होते. खरा आकडा 4599, कारण शून्य नावाचं वर्षच नाही, पण चार मीटर साठ सेंटिमीटरच्या दोरीवर ते एक वर्ष दिसणार नाही.

शेवटी वजनं मोडून त्याच मातीच्या विटा कराव्यात: 1 सेंटिमीटर जाड, 2 रुंद, 4 लांब. हडप्पातल्या विटांचं प्रमाण हेच, 1:2:4. घरांच्या विटा बहुधा 7, 14 आणि 28 सेंटिमीटरच्या. एक थर लांबीने, पुढचा आडवा असं रचायला सांगावं. दोन विटांची रुंदी एका विटेच्या लांबीएवढी भरते, सांधे एकावर एक येत नाहीत, भिंत उभी राहते. एखाद्या गटाला मुद्दाम 1:2:3च्या विटा द्याव्यात.