कोर्ले ते खावली: खिंड झाली, लूप झाला नाही

मागच्या नोंदीत भोरकडच्या कोर्ल्यातून खिंडीनं वाईकडच्या खावलीत उतरणाऱ्या वाटेची नकाशावरची तुटकी रेघ दाखवली होती, ती गुरुवारी अखेर पायाखालून घातली. वाट आहे. सायकल घेऊन माणूस भोरच्या बाजूनं वाईच्या बाजूला उतरू शकतो. पण रोड बाइकचा लूप, म्हणजे एका वाटेनं जाऊन दुसरीनं परत आणणारी फेरी, म्हणून ही वाट मी आता यादीतून काढतोय. दोन वर्षं जिच्यावर सगळी मांडणी उभी केली, ती मधली कडीच निसटली.

हवा होता कमी गाड्यांचा लूप, आणि त्यातली अडचण तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडच्या खोऱ्यांत रस्ता शांत असतो तो पुढे कुठे जात नाही म्हणून. नदी पूर्वेकडे वाहते, खोऱ्याचं तोंड तिकडे, आणि मागं सह्याद्रीची भिंत. रस्ता धरणापासून शिरतो, फुगवट्याच्या कडेकडेनं शेवटच्या गावाला जातो आणि तिथंच थांबतो. त्यावर धावणार काय, तर एसटी, दुधाची गाडी आणि एखादं वडाप. आता अशी दोन आंधळी खोरी जोडायची तर मधली धार ओलांडायला हवी, आणि डांबरी रस्त्यानं ती ओलांडायची तर मांढरदेवचा घाट. म्हणून रायरेश्वर आणि केंजळगडाच्या मधल्या खिंडीवर माझा डोळा होता.

सहाला भोर सोडलं. सायकलवरच्या, मागून येणाऱ्या गाड्या टिपणाऱ्या रडारची मोजणी: भोर ते आंबवडे ३१ गाड्या, आंबवडे ते कोर्ले ६. सहा! त्यातल्या दोन दुधाच्या. आंबवड्याच्या संस्थानकाळातल्या झुलत्या पुलापाशी पाच मिनिटं थांबलो, खाली पाण्यावर धुकं होतं. टिटेघरच्या पुढे तर मागून टायरचा आवाज आला की आपणच दचकतो.

एक सूचना. सध्या भात झोडणी चालू आहे आणि ठिकठिकाणी पेंढा रस्त्यावर पसरलेला असतो. पहिल्या दोन ठिकाणी मी सरळ त्यावरून गेलो. तिसऱ्या ठिकाणी मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या भागाच्या) खालच्या चाकात काडी गुंडाळली गेली आणि चेन उड्या मारायला लागली. ओलसर काडी ओढून निघत नाही, तुटते आणि आत राहते. सेफ्टी पिननं एकेक तंतू काढावा लागला, वीस मिनिटं गेली. पेंढा दिसला की उतरून चालत जा.

कोर्ल्याच्या वरचा चढ. प्लॅनर, म्हणजे मार्ग आखायचा ॲप, सरासरी ९ टक्के दाखवत होता, सायकलवरच्या काँप्युटरवर वळणांमध्ये १७-१८ दिसत होते. यात काही गूढ नाही. फुकट मिळणारी उंचीची माहिती साधारण ३० मीटरच्या चौकटीत असते, त्यामुळे अरुंद घाटातलं वळण त्यात पार गुळगुळीत होऊन जातं. सह्याद्रीत कुठल्याही प्लॅनरचा चढ मी आता दीडपट धरून चालतो. पुढे ३४ दाती, मागे ३४ दाती गिअरवर, उभं राहून, दोनदा थांबून वर पोचलो. चढात एकही गाडी नाही. उजवीकडे रायरेश्वरचा कडा, डावीकडे केंजळगडाची ती गोल टोपी, आणि खिंडीतून समोर धोमचं पाणी! पाण्यामागे कमळगड. एवढं दिसल्यावर पाय दुखत होते ते विसरलो.

आणि तिथं माझा रस्ता संपला. प्लॅनरवर पुढे खावलीपर्यंत सलग रेघ आहे, जाडीही तेवढीच. मी तीनशे मीटर ढकलत गेलो, मग सायकल खांद्यावर घेतली. सुटे धोंडे, कारवीची खोडं, मधेच पावसानं खणलेली घळ. चालणाऱ्याला ही वाट उत्तम आहे, ट्रेकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथून जातात. पण क्लीटच्या (पेडलला अडकणाऱ्या) बुटांनी पाऊल धोंड्यावर टेकत नाही. एका जागी तोल गेला, सायकल बाजूला आपटली आणि मागच्या टायरच्या कुशीत करंगळीच्या पेराएवढा छेद पडला.

टायर बिनट्यूबचे, त्यामुळे छेद बुजवणारं आतलं पातळ सीलंट बाहेर यायला हवं होतं. आलं ते रबराच्या वाळक्या गोळ्या. पुण्याच्या ज्या दुकानातून टायर बसवून घेतले, तिथं ‘सहा महिने बघायला नको’ असं सांगितलं होतं. आपल्या उन्हात दोन महिन्यांनी झडप उघडून काडी घालून बघायलाच हवी. हे मी इतरांना सांगत आलोय आणि स्वतः दुकानदारावर विसंबलो, याची खरंच चुटपुट लागली. कुशीतल्या छेदाला भोक बुजवायचा प्लग धरत नाही. जुन्या टायरचा बोटभर तुकडा जवळ होता, तो आतून लावला, ट्यूब घातली, हवा निम्मीच भरली. तो तुकडा दहा ग्रॅमचाही नसेल, पण सगळ्या ट्रिपमधली सर्वांत उपयोगी वस्तू तीच.

खावलीत उतरलो तेव्हा एक वाजला होता. एका घरापुढे पाणी मागितलं. तिथले आजोबा सायकलकडे आणि वर डोंगराकडे बघत राहिले.

“ही घिऊन खिंडीतनं आलासा?”

“हो बाबा. पलीकडं कोर्ल्यातनं.”

“माझी लेक पल्याड दिलीया. डोळ्याम्होरं डोंगुर हाय, पर गाडीनं जायचं तर वाई, मांढरदेव, भोर. दिस जातो. रस्ता व्हाया पायजे बगा.”

मला उत्तर सुचलं नाही. दोन वर्षं मला या खिंडीतून डांबरच हवं होतं. चढताना वाटायला लागलं होतं, नको, डांबर पडलं की दोन्ही खोरी एकमेकांत उघडतील आणि ते सहाचे साठ होतील. आणि आता हे. बाबांना रस्ता मिळावा, हे मी मनापासून म्हणतो. तो होईपर्यंत या दोन खोऱ्यांत जितकं फिरून घेता येईल तितकं घेणार, एवढंच मी ठरवू शकतो.

वाईपर्यंत निम्म्या हवेवर हळूहळू आलो, मित्राकडे मुक्काम केला आणि शुक्रवारी मांढरदेवमार्गे परत. मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, पण दुसरा इलाज नव्हता. घाटात रडारनं ११२ गाड्या मोजल्या. रस्ता चांगला, चढ समजूतदार, फक्त दिवस चुकीचा. म्हणजे पहिली दुरुस्ती: लूप मांढरदेवचाच ठेवायचा, पण बुधवारी किंवा गुरुवारी, पौर्णिमा-अमावस्या टाळून, आणि पौषात अजिबात नाही.

नकाशाची दुरुस्ती रात्रीच केली. ओपनस्ट्रीटमॅपवर खिंडीपलीकडचा तुकडा रस्त्यातून काढून पायवाट केला. प्लॅनर तिथूनच रस्ते घेतात, ते पुढचा अपडेट घेतील तेव्हा निदान दुसरं कुणी धोंड्यांत अडकणार नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात तिथं पहिल्यापासून तुटक रेघच होती. मी तिच्यापेक्षा सलग रेघेवर विश्वास ठेवला. यापुढे तुटक रेघ दिसली की आधी बूट घालून चालत जाऊन बघायचं, सायकल नंतर.

आता हे लिहितानाच डोक्यात आलंय, ते इथंच टाकतो. खोरी जोडायला खिंडच का लागते? पाणी का नको? कोयनेच्या शिवसागरात तराफा चालतो, त्यावर जीप चढते, मग सायकलला काय अडचण? सातारा, कास, बामणोली, आणि पाण्यावरून तापोळ्याकडे. कासची फुलं संपल्यावर त्या रस्त्याची गर्दी ओसरते. तापोळ्याहून महाबळेश्वरचा चढ आणि तिथून पुढे पसरणी घाट, हा गाड्यांचा तुकडा आहे खरा. पण बामणोलीला मुक्काम करून आल्या वाटेनं परत फिरलं तर तोही टळतो. मी इतके दिवस ‘आल्या वाटेनं परत’ला कमी लेखत होतो. आंबवडे ते कोर्ले जाताना सहा गाड्या मोजल्यावर तोच रस्ता दुपारच्या उन्हात परत करायला मला आवडलंच असतं.

तर मग जोरचं खोरं आधी. धोम, बलकवडी, जोर, आणि परत. जोडवाट नको, खिंड नको. येत्या बुधवारी पहाटे साडेपाचला वाईतून, मेणवलीच्या घाटावर पहिला थांबा. नवा टायर ३२ मिलिमीटर रुंदीचा घातलाय, सीलंट स्वतः भरलंय, आणि पेंढ्यासाठी सेफ्टी पिनेऐवजी शिवणाची छोटी कात्री घेतलीय. कुणी येणार असेल तर मंगळवारी रात्रीपर्यंत कळवा.